पत्रिकेची पाचर

संपादकांचा फोन आला तेव्हा घरातलं गाणं नुकतंच बंद पडलं होतं. “यंदाच्या अंकाचा विषय जोडणी,” ते म्हणाले. “नात्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही वस्तूंकडे बघा.” मी काही बोलणार एवढ्यात आतल्या खोलीतून बाबांची हाक आली, “अगं, पत्रिका सरकलीय बघ जरा!”

ही पत्रिका लग्नाची. कुणाच्या, ते आता वाचता येत नाही. जाड कागद, चार घड्या, एका कोपऱ्यावर कधीकाळचं कुंकू. स्विचबोर्ड आणि डेकचा टू-पिन टॉप यांच्या फटीत ती पाचरीसारखी बसवलेली असते. ती जागेवर असली की डेकचा लाल दिवा लागतो, सरकली की विझतो. डेक मामाने १९८६ साली दुबईहून आणलेला. रेडिओ, कॅसेट, अॅम्प्लिफायर सगळं एकाच पेटीत. त्याच्या मागच्या बाजूलाही एक विधी आहे. वीज आत नेणारी वायर डावीकडे वळवायची आणि तिच्यावर मोल्सवर्थचा शब्दकोश ठेवायचा. मोल्सवर्थ एवढा कामाला येतो असं दुसरं घर पुण्यात नसावं.

हे सगळं आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की डेक बिघडला आहे असं कुणी कधी म्हटलंच नाही. “त्याला जरा असं लागतं” एवढंच म्हणायचो, आजोबांच्या जेवणाच्या पथ्याबद्दल बोलावं तसं. संपादकांचा विषय समोरच होता. मोल्सवर्थ कपाटात ठेवला, डेक जुन्या चादरीत गुंडाळला आणि रिक्षा केली.

तपकीर गल्लीत

पुण्यात विजेचं काहीही हवं असलं की पाय बुधवार पेठेकडे वळतात. तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर मिळून जो बाजार होतो, त्यात घरगुती वायरिंगपासून मुंगीएवढ्या ट्रान्झिस्टरपर्यंत सगळं मिळतं. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तशी पुणेकरांना ही गल्ली. मी गेले तेव्हा श्रावण चालू होता आणि गणपतीच्या माळांचे खोके दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत आले होते. दारात माळा चाचणीसाठी लावलेल्या, भर दुपारी लुकलुकणाऱ्या.

विकणारे दारात आणि दुरुस्त करणारे आत, बहुतेक जिन्याखाली किंवा पोटमाळ्यावर. काही वर्षांपूर्वी आमचा टीव्ही ज्यांच्याकडे न्यायचो त्या जागी आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. तिथल्या मुलाने बोटाने वर दाखवलं. “जुनं असेल तर काका. वर.”

काकांनी आयटीआयला ‘मेकॅनिक रेडिओ अँड टीव्ही’ हा ट्रेड केलेला. माणूस सत्तरीकडे झुकलेला, चष्म्यावर आणखी एक भिंग कपाळाशी वर केलेलं. टेबलावर जागा जेमतेम एका ताटाएवढी. बाकी सगळीकडे उघडी यंत्रं, एकमेकांच्या अंगावर रेललेली. डेक बघून त्यांनी आधी त्याची पाठ आपल्याकडे फिरवली. “मागे ११०-२२० चं बटण आहे ना? गल्फच्या मालाला असायचं. कितीतरी सेट पहिल्याच दिवशी गेले त्यापायी. बटण ११० वर, आणि भिंतीत २३०.”

आमचं बटण २२० वर होतं. एवढी परीक्षा तरी पास झाली.

“इथं तर चालतंय”

काका डेक थेट भिंतीतल्या प्लगला लावत नाहीत. त्यांच्याकडे एक लाकडी फळी आहे, तिच्यावर एक सॉकेट आणि शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब. बल्ब आणि यंत्र एकाच रांगेत जोडलेले, म्हणजे वीज आधी बल्बातून जाणार आणि मग यंत्रात. याला सिरीज बोर्ड म्हणतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. तो क्षणभराचा उजेड म्हणजे आतले मोठे कंडेन्सर भरून घेत असतात. एलईडीच्या दिव्याने हे काम होत नाही, त्यामुळे काकांनी तारेचे बल्ब साठवून ठेवलेत.

आमचा बल्ब उजळला, मंदावला. डेकचा लाल दिवा लागला. रेडिओ खरखरला आणि पुणे केंद्र स्वच्छ बोलू लागलं.

“इथं तर चालतंय, ताई.”

दुरुस्तीच्या धंद्यात हे वाक्य रोज म्हटलं जातं. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की दुखणं थांबतं, तसंच हे. ओशाळून मी मोल्सवर्थची हकीकत सांगितली. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “वायर कुठल्या बाजूला वळवता? डावीकडे? आणि वजन वर ठेवता की खाली?” डॉक्टर ‘चढताना दुखतं की उतरताना’ विचारतात त्या सुरात. मग एका बोटाने वायर अलगद वर उचलली. पुणे केंद्र गप्प. बोट काढलं, पुन्हा बातम्या.

“यंत्र काही लपवत नाही,” काका म्हणाले, “माणूसच टेकू देऊन लपवतो.”

त्यांची तपासणीची रीत मला आवडली. आधी डोळा, मग नाक, मग कान, मग बोट, आणि सगळ्यांत शेवटी मीटर. करपल्याचा वास आहे का? ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो का? कंडेन्सरचं डोकं फुगलंय का? काचेचा फ्यूज त्यांनी चिमट्याने काढून उजेडात धरला. पाच मिलिमीटर जाड, वीस मिलिमीटर लांब, सगळीकडे मिळतो तो. तार शाबूत होती. “काच काळी किंवा चंदेरी झालेली असली तर आत मोठा शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असली, तर बहुतेक म्हाताराच झाला बिचारा. नुसता नवा घालून चालत नाही, आधी जुना वाचायचा.” काही ग्राहक फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून आणतात. असे सेट ते सिरीज बोर्डावरसुद्धा आधी घेत नाहीत.

केसाएवढी चीर

मागचे सहा स्क्रू निघाले. आत चाळीस वर्षांची धूळ, मऊ, राखाडी, सशाच्या अंगासारखी. काकांनी ती रंगाच्या ब्रशने झाडली. मग विजेची वाट बोटाने दाखवली. मागच्या इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या खोबणीतून वीज आत येते, तिथून स्विच, फ्यूज, मग ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे पंधरा-वीस करतो. चार डायोड त्या उलटसुलट विजेला एका दिशेला वळवतात आणि दोन जाड कंडेन्सर तिचे हेलकावे शांत करतात. गाणं त्याच्यापुढे. “लोकांना वाटतं बिघाड गाण्याच्या बाजूला असतो. अहो, निम्मे सेट दारातच अडकलेले असतात.”

आमचाही दारातच अडकला होता. ती आठाची खोबण आत एका छोट्या बोर्डावर बसवलेली आणि तिचे दोन पाय सोल्डरने धरलेले. काकांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर घेतलं, मग मला दिलं. आधी काही दिसेना. चंदेरी थेंब, मधे पितळी पाय. मग त्यांनी खोबण मागून किंचित हलवली आणि मला दिसलं. थेंबाच्या मधोमध, पायाभोवती, केसाएवढी काळी गोल चीर. पाय त्या चिरेत हलत होता, पडायला आलेल्या दातासारखा.

याला ड्राय सोल्डर म्हणतात. कारणं साधी. वर्षानुवर्षं वायर लावताना-काढताना बसलेले झटके, शिवाय रोजचं तापणं आणि निवणं. धातू तापला की फुगतो, निवला की आकसतो. पाय, बोर्ड आणि सोल्डर तिघं वेगवेगळ्या मापाने फुगतात, आणि ताण शेवटी सगळ्यांत मऊ असलेल्या सोल्डरवर येतो. मोल्सवर्थ वायर दाबून तो पाय चिरेच्या एका काठाला टेकवत होता, एवढंच त्याचं कार्य.

काकांनी वायर सिरीज बोर्डातून काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, हात सहज लागणार नाही इतकी लांब. कंडेन्सरवरचं मीटर शून्याकडे येईपर्यंत थांबले. “ह्याच्यात भीती कमी. हल्लीच्या सेटांत एसएमपीएस नावाचा वीजपुरवठा असतो, त्याच्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात. प्लग काढला तरी बसून राहतात. गल्लीतल्या पोरांना मी आधी तेच शिकवतो, मग आयर्न हातात देतो.”

मग पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न. त्याचं टोक ओल्या स्पंजावर पुसलं, चर्र झालं. नुसता नवा थेंब जुन्यावर टाकायचा नाही. आधी जुना वितळवून सकरने ओढून घ्यायचा, पाय ब्लेडने खरवडून पिवळा लख्ख करायचा, मग नवा डाग द्यायचा. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ असते. ती आधी वितळते, धातूवरचा गंज खाते आणि धूर होऊन नाकाशी येते. तो वास ओळखीचा वाटला. सारंगीच्या गजाला लावतात ती हीच राळ. काका आयर्न थेंबाला लावत नव्हते, पायाला लावत होते, आणि सोल्डर दुसऱ्या बाजूने टेकवत होते. पाय पुरेसा तापला की सोल्डर आपणहून त्याच्याभोवती धावतं. कथील आणि शिसं यांचं ठरावीक प्रमाणातलं मिश्रण १८३ अंशांना वितळतं. ते वितळलं, चमकलं, पायथ्याशी पसरलं आणि वर निमुळतं झालं. काकांनी फुंकर घातली नाही. “फुंकर मारली की तो घाईने गोठतो आणि कच्चा राहतो. गार व्हायला त्याचा वेळ द्यायचा.” तीन सेकंद ते हालले नाहीत.

हल्लीच्या बोर्डांवर शिसं नसतं. युरोपने २००६ पासून ते बंद केलं आणि मग जगभरच्या कारखान्यांनी. बिनशिशाचा डाग मुळातच निस्तेज दिसतो आणि वितळायला तीस-पस्तीस अंश जास्त लागतात. चमक गेली म्हणजे डाग कच्चा, ही काकांच्या पिढीची खूण नव्या मालावर चालत नाही.

पांढरी पाच, किंचित चढी

आमचा डाग निवत होता तेवढ्यात एक तरुण होम थिएटरचा मोठा स्पीकर घेऊन जिना चढला. तक्रार घुंऽऽ अशा आवाजाची. काकांनी तो लावला, कान दिला आणि म्हणाले, “हा पन्नासचा आहे, शंभरचा नाही.”

आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत येते. डायोडांतून गेल्यावर तिचे हेलकावे दुप्पट होतात, १००. आतला कंडेन्सर म्हातारा झाला की ते हेलकावे गाळले जात नाहीत आणि स्पीकरमधून शंभरचा स्वर येतो. पन्नासचा आला तर रोग बहुधा बाहेरचा. मी थोडी पेटी शिकले आहे म्हणून घरी जाऊन हिशोब केला. शंभरचा स्वर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जवळ येतो, अगदी किंचित चढा. पन्नासचा त्याच्या एक सप्तक खाली. देशभरातले सगळे घुमणारे स्पीकर एकाच सुरात लागलेले असतात, ही गोष्ट माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेली नाही.

तरुणाचा स्पीकर एका बाजूने कॉम्प्युटरला आणि दुसऱ्या बाजूने केबलच्या सेट-टॉप बॉक्सला जोडलेला. दोन्हीकडून जमिनीशी नातं, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटा. त्या वाटांचं वर्तुळ पूर्ण होतं आणि नको ती वीज त्यात फिरत राहते. यावर कुणीतरी त्याला उपाय सांगितला होता आणि त्याने तो केलाही होता. थ्री-पिन टॉपची वरची जाड पिन कापून टाकलेली.

काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. “ही पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब का असते सांग? लावताना आधी ती लागावी आणि काढताना शेवटी ती सुटावी म्हणून. आत वायर सुटून पत्र्याला लागली, तर वीज हिच्यातून जमिनीत जाते. नाहीतर तुझ्यातून.” स्पीकर त्यांनी घेतला नाही. नवा टॉप बसवून ये, म्हणाले. घुंऽऽ घालवायचा रस्ता त्यांनी कागदावर काढून दिला. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावरून चालव, आणि तरी राहिलं तर केबलची तार काढून बघ, आवाज गेला तर वाट तिथली.

बाहेरून आत येणारं

काकांच्या वहीत पावसाळ्याची पानं वेगळी ओळखू येतात. एकाच दिवशी, एकाच सोसायटीतून पाच-सहा सेट. बहुधा न्यूट्रल तुटलेला असतो. आपल्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येतो, म्हणून २३० व्होल्ट. इमारतीत तीन फेज आलेले असतात आणि दोन फेजच्या मधे चारशेच्या आसपास. फांदी पडून किंवा जोड गंजून सगळ्यांचा सामाईक न्यूट्रल सुटला की घरं दोन फेजच्या मधे लटकतात. कुणाकडे दिवे मिणमिणतात, कुणाकडे झगझगतात, आणि झगझगणाऱ्या घरातले सेट दुसऱ्या दिवशी काकांकडे. तिथेही मूळ सैल जोडच, फक्त तो आपल्या बोर्डात नसून रस्त्यावरच्या पेटीत.

पूर्वी डागाची कामं जास्त असत, आता कमी. कारण बोर्डच बदलायचा, नाहीतर सेटच. काही जुन्या रेडिओंच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. बनवणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्यासाठी ठेवलेली ती चिठ्ठीच. आता सर्किट मागितलं तर सर्व्हिस सेंटरला जा म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकासमोर ठेवावी म्हणून. काकांनी त्याचं नाव ऐकलं होतं. “चांगलंय. पण माझ्या टेबलावर आलेल्या सेटांत त्या पोर्टलवरचे किती निघतील?” असं म्हणून ते पुढच्या डब्याकडे वळले.

आमच्या डेकचे त्यांनी दीडशे रुपये घेतले. वर एक प्रश्न विचारला, “भिंतीतला पॉइंट कसा आहे?”

मी म्हटलं, चांगला आहे. तोवर मला पत्रिका आठवली नव्हती.

भिंत

घरी आल्यावर वायर डावी-उजवीकडे हलवली, डेक चालू. मोल्सवर्थ कपाटातच राहिला. बाबा खूश. तिसऱ्या गाण्याला लाल दिवा विझला.

“पत्रिका,” बाबा म्हणाले आणि सवयीने उठले. मी त्यांना थांबवलं आणि काकांना फोन लावला. “टॉपच्या पिना बघा,” ते म्हणाले. “बारीक आहेत ना?” होत्या. दुबईहून आलेल्या वायरीच्या पिना चार मिलिमीटरच्या, आपल्या सॉकेटचं भोक पाच मिलिमीटरच्या पिनेसाठी केलेलं. ज्या दिवशी मामाने डेक आणला त्या दिवसापासून ती पिन त्या भोकात सैल होती. “टॉप बदला. आणि वायरमनला बोर्ड उघडायला लावा. तुम्ही उघडू नका.”

वायरमन संध्याकाळी आला. त्याने आधी मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली, मग बोर्ड उघडला. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी तिचा ताण गमावून उघडी पडलेली, आणि मागचा स्क्रू अर्धा सुटलेला. वायरीचं प्लास्टिक स्क्रूपाशी वितळून तपकिरी झालं होतं. “इथं इस्त्री लावता का?”

लावत होतो. त्याच पॉइंटला, त्याच पाचरीने. इस्त्रीचा टॉपही तिथे हलायचा, म्हणून पत्रिका दोघांची.

रात्री मी वहीत गणित मांडलं. डेक घेतो पन्नास वॅट, म्हणजे पाव अँपिअरहून कमी. इस्त्री हजार वॅट, चार अँपिअरच्या वर. प्रवाह वीसपट. पण सैल जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, वीसपट प्रवाहाला चारशेपट. जोडाचा विरोध नुसता अर्धा ओहम धरला, तर डेकमुळे तिथे काहीच जाणवणार नाही, आणि इस्त्रीमुळे साडेनऊ वॅट. काकांचं सोल्डरिंग आयर्न पंचवीसचं. म्हणजे आमच्या भिंतीत, लाकडी बोर्डाच्या मागे, दर इस्त्रीला एक लहानसं आयर्न तापत होतं. तापलं की पट्टी आणखी सैल पडते, सैल पडली की ठिणगी उडते, ठिणगीने काजळी धरते, काजळीने विरोध वाढतो. हे चक्र आपण होऊन थांबत नाही. गाणं बंद पडायचं ते एकच लक्षण आमच्या कानावर येत होतं, आणि तेवढं पाचर मारून आम्ही गप्प केलं होतं.

वायरमनने नवं सॉकेट बसवलं, इस्त्रीसाठी सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट काढायला सांगितलं आणि डेकच्या वायरीला आपल्या मापाचा टॉप लावला. मेन वर केला. डेक लागला. बाबांनी आवाज वाढवला आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांचा हात सवयीने बोर्डाकडे गेला आणि मधेच थांबला.

पत्रिका टेबलावर पडली होती. मी तिच्या घड्या उलगडल्या. इतक्या वर्षांनी आतली बाजू पांढरी निघाली आणि नावं वाचता आली. बाबांनी चष्मा लावला. लग्न मामाचंच होतं, डेक आणला त्याच वर्षीचं.

“ठेवून दे,” ते म्हणाले. मग त्यांनी कड बोटाने चाचपली. भिंतीकडे असायची ती कड करपून काळी झाली होती आणि बोट लागताच तिचा तुकडा पडला. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी स्वतःच सगळ्या खोल्यांतले टॉप एकेक करून हलवून पाहिले.